पट्टी उभीच का चिरते? रामन मायक्रोस्कोपने रेणूंची दिशा टिपताना

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडच्या कुठल्याही पॅकहाउसमध्ये गेलात, तर पायाखाली हिरव्या पॅकिंग पट्टीचे तुकडे सापडतील. खोक्यांच्या थप्प्या आवळून बांधतात ती ही पट्टी. एक तुकडा उचला, टोकाला ब्लेडने बारीक खाच द्या आणि दोन्ही बाजूंनी ओढा. पट्टी उभी सरळ चिरत जाईल, नारळाच्या झावळीसारखी. तीच आडवी तोडायला गेलात तर बोट कापेल, पट्टी तुटणार नाही.

कारण कारखान्यात आहे. पट्टी बनवताना प्लॅस्टिक गरम असतानाच लांबीच्या दिशेने अनेक पट ताणतात. आत गुंता होऊन पडलेल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या त्या ताणाने एका दिशेला वळतात. लांबीच्या दिशेने ओढलं की जोर साखळीतल्या पक्क्या बंधांवर येतो. रुंदीच्या दिशेने ओढलं की दोन शेजारी साखळ्यांमधल्या कमजोर ओढीवर येतो. साखळ्या कुठल्या दिशेला आणि कितपत शिस्तीत बसल्या आहेत, हे मायक्रोमीटरच्या पातळीवर बिंदूबिंदूने पाहायचं असेल तर ध्रुवित रामन मायक्रोस्कोपी हे फार कामाचं साधन आहे. यात नमुन्यावर लेसर टाकतात. विखुरून परतणाऱ्या प्रकाशातला थोडासा भाग रेणूंच्या कंपनांमुळे रंग बदलून येतो, आणि त्याच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रंगवार आलेखात, कंपनागणिक वेगळी रेषा उमटते. एक्स-रेने दिशा कळते, पण ती मुख्यतः स्फटिकी भागाची. साध्या ध्रुवित सूक्ष्मदर्शकात रंग सुरेख दिसतात, पण तो रंग कुठल्या रेणूमुळे आला ते कळत नाही. रामनमध्ये प्रत्येक रेषेला मालक असतो. ही बेंझीनच्या कड्याची, ही कार्बोनिलची (कार्बन-ऑक्सिजन जोडीची), अशी ती वेगळी काढता येते.

हा लेख हातात नमुना आणि समोर यंत्र असलेल्यांसाठी आहे. एमएस्सीचे विद्यार्थी, सातपूर-अंबडच्या कारखान्यात दर्जा तपासणारे, किंवा पुण्या-मुंबईच्या उपकरण केंद्रात तासाच्या दराने वेळ घेऊन जाणारे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामात दिसणारी निम्मी सुंदर चित्रं नमुन्याची नसतात, यंत्राच्या खोडीची असतात. म्हणून इथे मॅप, म्हणजे बिंदूबिंदूने मोजून काढलेलं चित्र, बऱ्याच उशिरा येईल.

थोडं तत्त्व, लागेल तेवढंच

लेसरच्या प्रकाशाला कंपनाची दिशा असते, तिला ध्रुवीकरण म्हणू. रेणूचं एखादं कंपन या प्रकाशाला सगळ्या दिशांनी सारखी दाद देत नाही. पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, घ्या. त्याची १६१५ सेमी⁻¹ची रेषा (प्रकाशाचा रंग किती सरकला त्याचं हे माप) बेंझीनच्या कड्यातल्या ताणाची. ते कडं साखळीच्याच ओघात गुंफलेलं असल्यामुळे लेसरचं ध्रुवीकरण साखळीच्या दिशेने असेल तेव्हा ही रेषा उंच उठते, आडवं असेल तेव्हा बसते. साखळ्या विस्कटलेल्या असतील तर लेसर कसाही फिरवा, उंची तीच.

गंमत म्हणजे ध्रुवीकरण या विषयात पहिल्या दिवसापासून आहे. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी मार्च १९२८ मध्ये 'नेचर'मध्ये जे छोटं पत्र छापलं, त्यात हा रंग बदललेला प्रकाश साधा फ्लुओरेसन्स (प्रकाश शोषून पदार्थाने पुन्हा सोडलेली चमक) नाही हे पटवताना विखुरलेल्या प्रकाशाच्या ठळक ध्रुवीकरणाचाच दाखला दिला होता.

प्रत्येक पदार्थाची कामाची रेषा वेगळी. पॉलिथिलीनमध्ये ११३० सेमी⁻¹ घ्या. ती कार्बन-कार्बन साखळीच्या ताणाची, साखळीच्या दिशेने प्रबळ. कापूस, ताग, लाकूड यांतल्या सेल्युलोजमध्ये १०९६च्या आसपासची रेषा धाग्याच्या दिशेने वाढते आणि २९००च्या आसपासचा सी-एच पट्टा आडव्या दिशेने. रेशमात अमाइड-एक नावाची रेषा, १६६५च्या जवळ, ही आडव्या दिशेने प्रबळ असते, कारण तिथला कार्बोनिल बंध साखळीला जवळजवळ काटकोनात उभा असतो. म्हणजे 'रेषा जिथे उंच तिथे साखळी' हे समीकरण डोळे झाकून लावू नका. रेशमावर ते लावलंत तर उत्तर बरोबर ९० अंशांनी चुकेल, आणि चित्र तितकंच सुंदर दिसेल.

नमुना: कोपरा कापायला विसरू नका

पहिल्या खेपेला मी पट्टीचे नीट मापात पाच मिलिमीटर बाय पाच मिलिमीटर चौकोनी तुकडे कापून, स्टीलच्या डबीत घालून पुण्याला घेऊन गेलो. काचेवर चिकटवल्यावर लक्षात आलं की लांबीची दिशा कुठली हे आता देवालाच ठाऊक. चौकोन कसाही फिरवला तरी चौकोनच. पूर्ण दिवसाचं भाडं भरलेलं होतं. तेव्हापासून तुकडा नेहमी आयताकृती कापतो आणि त्याचा एक कोपरा तिरका छाटतो. दिशाही कळते आणि वरची-खालची बाजूही.

कापण्याबद्दल आणखी एक. मायक्रोटोमच्या, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्राच्या, पात्याने मऊ पॉलिमर कापला की पातं ज्या दिशेने गेलं त्या दिशेला वरचा थर स्वतःच ताणला जातो. मग तुम्ही मोजता ती दिशा पात्याची. उपाय सोपा आहे. एकाच नमुन्याचे दोन काप घ्या, एकमेकांना काटकोनात पातं चालवून. दोन्हींत उत्तर एकच आलं तर ते नमुन्याचं. शक्य असेल तिथे न कापलेला मूळ पृष्ठभागच वापरा.

बूड म्हणून साधी काचपट्टी चालते, पण तिची स्वतःची पसरट पार्श्वभूमी असते, आणि ७८५ नॅनोमीटरच्या लेसरखाली ती फारच उजळते. कॅल्शियम फ्लोराइडची चकती उत्तम, तिची एकच ठळक रेषा ३२२ला येते आणि आपल्या वाटेत येत नाही. ती महाग वाटली तर काचेवर ताणून बसवलेला ॲल्युमिनियम फॉइल घ्या. जाड, अपारदर्शक नमुन्याला तेवढं पुरे. पातळ पारदर्शक फिल्मला फॉइल टाळा, खालून परतणारा प्रकाश मोजमापात मिसळतो.

तुलनेसाठी 'दिशाहीन' नमुना लागतोच, आणि पीईटीच्या बाबतीत तो फुकट मिळतो. पाण्याच्या बाटलीचा गळा, जिथे झाकणाचे आटे असतात तो भाग. बाटली फुगवताना पोट ताणलं जातं, गळा साच्यात धरलेला असतो आणि जवळपास न ताणलेलाच राहतो. त्याचा एक तुकडा डबीत कायम ठेवा.

हिरवी पट्टी नक्की कशाची, हे मात्र आधी एका साध्या स्पेक्ट्रमने ठरवा. १६१५ आणि १७३० दोन्ही रेषा दिसल्या तर पीईटी. त्या नसतील तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन, आणि मग पुढचे आकडे तिला लागू नाहीत.

यंत्राची उलटतपासणी

हा भाग लोक गाळतात आणि म्हणून याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे.

यंत्रात ध्रुवीकरण बिघडवणाऱ्या जागा पुष्कळ. आरसे आणि फिल्टर दोन दिशांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात पुढे सोडतात. ग्रेटिंगचा, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघाळ पट्टीचा, पक्षपात तर उघडच असतो, एका ध्रुवीकरणाला ती दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त उजळ दाखवते. म्हणून स्लिटच्या आधी स्क्रॅम्बलर, म्हणजे ध्रुवीकरण विस्कटून टाकणारा स्फटिकाचा पाचर, बसवलेला आहे का हे पहिलं विचारा. त्यानंतर ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग. ०.९ न्यूमरिकल ॲपर्चरचा (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) शंभरपट ऑब्जेक्टिव्ह प्रकाश इतक्या तिरक्या कोनातून आणतो की केंद्रबिंदूत थोडं ध्रुवीकरण खोलीच्या दिशेनेही झुकतं. ठिपका मात्र बारीक मिळतो, ५३२ नॅनोमीटरला सुमारे ०.७ मायक्रोमीटर. ०.५ ॲपर्चरचा पन्नासपट घेतला तर ठिपका १.३ मायक्रोमीटरचा होतो, पण ध्रुवीकरण जास्त शुद्ध राहतं. बारीक तपशील हवा की खरा कोन, हे आधी ठरवा. मी पहिली फेरी नेहमी पन्नासपटावर करतो.

आता सिलिकॉन. रामनच्या प्रत्येक प्रयोगशाळेत ५२०.५ सेमी⁻¹ला यंत्र लावून घ्यायला सिलिकॉन वेफरचा तुकडा असतो. तो फक्त आकडा जुळवायला वापरणं म्हणजे तराजू दाराला अडसर म्हणून वापरण्यासारखं आहे. (१००) पृष्ठाचा वेफर फुटतो तो [११०] दिशेने, म्हणजे त्याची सरळ फुटकी कड हीच दिशेची खूण. त्याच्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली: कड लेसरच्या ध्रुवीकरणाला समांतर ठेवा. ॲनालायझर, म्हणजे परतणाऱ्या प्रकाशातली एकच दिशा पुढे सोडणारा फिल्टर, समांतर असताना ५२०ची रेषा सर्वांत उंच, आणि ॲनालायझर काटकोनात फिरवला की जवळजवळ शून्य. काटकोनात जे काही उरतं ती तुमची गळती. ती आकड्यात लिहून ठेवा.

दुसरी: वेफर ४५ अंश फिरवा. आता सगळं उलटं व्हायला हवं. समांतरला शून्य, काटकोनाला कमाल. नाही झालं तर कुठली तरी दिशा यंत्रावर चुकीची लिहिलेली आहे. हे मी कल्पनेने सांगत नाही. एका ठिकाणी हाफ-वेव्ह प्लेटच्या, म्हणजे ध्रुवीकरण फिरवणाऱ्या चकतीच्या, कड्यावरच्या 'उभं' आणि 'आडवं' या चिठ्ठ्याच उलट्या लागल्या होत्या. किती जणांच्या प्रबंधात त्या उतरल्या असतील कोण जाणे. मला पाच मिनिटांत सिलिकॉनने सांगितलं.

तिसरी, आणि आपल्या कामाची खरी कसोटी: ॲनालायझर पूर्ण काढून टाका, स्क्रॅम्बलर ठेवा, आणि वेफर १५-१५ अंशांनी गोल फिरवत ५२०ची उंची मोजा. समांतर भाग वाढतो तेवढाच काटकोनी भाग घटतो, त्यामुळे बेरीज कायम राहायला हवी. रेषा सपाट आली तर तुमचं यंत्र दोन्ही दिशांना सारखा न्याय देतंय. लाट आली तर त्या लाटेइतकी दिशा तुम्हाला प्रत्येक नमुन्यात दिसणार, अगदी बाटलीच्या गळ्यातसुद्धा. मग वेफर स्थिर ठेवून लेसरचं ध्रुवीकरण फिरवा आणि हेच पुन्हा करा. या वेळी लाट आली तर दोष लेसर आत येतो त्या वाटेवर आहे. बहुतेक वेळा नमुन्यावर पडणारी शक्तीच कोनानुसार बदलत असते. पॉवरमीटर नमुन्याच्या जागी ठेवून ती मोजा आणि भागून टाका.

द्रव तपासणी हवी असेल तर सायक्लोहेक्झेन वापरा. त्याच्या ८०१च्या रेषेत काटकोनी प्रकाश अगदी नगण्य येतो, आणि १०२८ व १२६६च्या रेषांत काटकोनी-समांतर प्रमाण ०.७५ यायला हवं. हे प्रमाण रेणूच्या सममितीने ठरलेलं आहे. जुन्या पुस्तकांत यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड सांगितलेलं असतं. ते विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. सायक्लोहेक्झेन पेटतं, तेव्हा बाटली बंद ठेवा.

चार कोनांची युक्ती

नमुना फिरवायचा की ध्रुवीकरण? एकाच बिंदूवर मोजायचं असेल तर नमुना फिरवणं सर्वांत प्रामाणिक, कारण यंत्रात काही बदलत नाही. पण मॅप करायचा असेल तर फिरवल्यावर तोच मायक्रोमीटर पुन्हा सापडणं म्हणजे रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी चपला शोधणं. म्हणून मॅपसाठी हाफ-वेव्ह प्लेट फिरवा. लक्षात ठेवा, प्लेट २२.५ अंश फिरवली की ध्रुवीकरण ४५ अंश फिरतं. प्लेट लेसरच्या येण्याच्या वाटेवरच असेल तर ती लेसरच्या रंगापुरती असली तरी चालते. जाणारा-येणारा दोन्ही प्रकाश तिच्यातून जात असेल तर मात्र ती रुंद पट्ट्यासाठी बनवलेली हवी, कारण ५३२च्या लेसरने १६१५ची रेषा ५८२ नॅनोमीटरला येते आणि साधी प्लेट दोन्ही रंगांना सारखी वागवत नाही.

ॲनालायझर काढलेला असेल तर रेषेची उंची लेसरच्या कोनाबरोबर एका साध्या लाटेसारखी बदलते. त्या लाटेत अज्ञात फक्त तीन आहेत: सरासरी, लाटेची उंची आणि शिखराची दिशा. म्हणून ०, ४५, ९० आणि १३५ या चार कोनांवरचे मॅप पुरतात, आणि वर एक फुकटची पडताळणी मिळते. शून्य आणि नव्वदची बेरीज ही पंचेचाळीस आणि एकशे पस्तीसच्या बेरजेइतकीच यायला हवी.

एक उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा एका बिंदूवर चार कोनांना ८२०, ७६०, ३८० आणि ४४० फोटॉन आले. ८२० अधिक ३८० म्हणजे १२००, आणि ७६० अधिक ४४० म्हणजेही १२००. पडताळणी जमली. आता ७६०तून ४४० वजा, ३२०. ८२०तून ३८० वजा, ४४०. ३२० भागिले ४४० याचा उलटा टॅन ३६ अंश, त्याचा निम्मा १८. म्हणजे रेषेचं शिखर १८ अंशांवर. लाटेची ताकद म्हणजे ३२० आणि ४४०च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ५४४. त्याला १२००ने भागलं की ०.४५. हा आकडा शून्य असेल तर दिशा नाही, आणि जितका वाढेल तितकी शिस्त जास्त. कोन काढताना साधा टॅन वापरू नका, दोन्ही वजाबाक्यांची चिन्हं लक्षात घेणारं रूप वापरा, नाहीतर निम्मे बिंदू ९० अंशांनी चुकीच्या घरात जाऊन बसतील.

बेरजा जुळल्या नाहीत तर काय? मी आधी वेळेच्या क्रमाकडे बघतो. शेवटचा मॅप कमी भरत असेल तर फोकस सरकलाय किंवा नमुना जळतोय. नाशिकला डिसेंबरच्या सकाळी गारठलेल्या खोलीत यंत्र सुरू करून लगेच मॅप लावला की पहिला तासभर सगळं सरकतच असतं. लेसर आणि स्टेज (नमुन्याची सरकती बैठक) तापून स्थिर होईपर्यंत चहा घ्या. चार कोनांनंतर पाचवा मॅप पुन्हा शून्य अंशांवर घेण्याची सवय लावा. पहिला आणि पाचवा सारखे नसतील तर मधल्या तिघांवरही विश्वास नको.

ॲनालायझर न लावण्याचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. ताणलेला पॉलिमर द्विअपवर्तनी असतो, म्हणजे दोन दिशांच्या प्रकाशाला वेगवेगळ्या वेगाने जाऊ देतो. दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक ०.१ असेल तर ५३२ नॅनोमीटरचा तिरका ध्रुवित प्रकाश केवळ २.७ मायक्रोमीटर खोलीवर अर्धी लहर मागे-पुढे होऊन आरशातल्यासारखा उलट्या तिरकेपणाला पोचतो. ॲनालायझर लावून तिरक्या कोनात मोजणाऱ्याचा यात पूर्ण गोंधळ उडतो. ॲनालायझर नसेल आणि खोलीभर दिशा एकच असेल, तर या मागे-पुढे होण्याने आपल्या बेरजेत फरक पडत नाही. थराथराला दिशा बदलणारा नमुना असेल तर मात्र ही सवलत नाही. तिथे पृष्ठभागाजवळच, एक-दोन मायक्रोमीटरच्या आत फोकस ठेवा. आणि स्टेजवरची खोली खरी मानू नका. १.५ अपवर्तनांकाच्या प्लॅस्टिकमध्ये स्टेज १० मायक्रोमीटर खाली गेला की खरा फोकस १५च्या किंवा त्याहूनही खाली असतो.

मॅप लावण्याआधीची आकडेमोड

२० बाय २० मायक्रोमीटरचा चौकोन, ०.५ मायक्रोमीटरची पावलं, म्हणजे ४१ गुणिले ४१, १६८१ बिंदू. प्रत्येकी एक सेकंद धरला तर २८ मिनिटं. पाच मॅप म्हणजे अडीच तासांच्या आसपास. तासाच्या दराने पैसे भरत असाल तर ही आकडेमोड घरीच करून जा. आधी १ मायक्रोमीटरच्या पावलांनी ४४१ बिंदूंचा कच्चा मॅप घ्या, काही दिसतंय का पाहा, मग बारीक जा.

शक्ती किती? माझी सुरुवात नमुन्यावर एक ते पाच मिलिवॉटने होते. एका कोपऱ्यात लेसर स्थिर ठेवून पाच-पाच सेकंदांचे दहा स्पेक्ट्रम ओळीने घ्या. पहिला आणि दहावा एकमेकांवर ठेवले तर तंतोतंत बसायला हवेत. पार्श्वभूमी वर चढत असेल तर जळायला सुरुवात झाली आहे. उलट ती खाली उतरत असेल तर फ्लुओरेसन्स विझतोय. मग मॅपआधी प्रत्येक बिंदूवर थोडा वेळ लेसर धरून तो विझवून घेता येतो.

पार्श्वभूमीला लोक कमी लेखतात. वरच्या उदाहरणात केवळ फोटॉन मोजण्याच्या गोंगाटाने कोनात सुमारे २ अंशांची चूक येते. त्याच रेषेखाली प्रत्येक मोजमापात ८००० फोटॉनांचा फ्लुओरेसन्स असेल तर चूक ७ अंशांच्या घरात जाते, कारण पार्श्वभूमी वजा होते पण तिचा गोंगाट वजा होत नाही. हिरव्या पट्टीच्या रंगाने असा फ्लुओरेसन्स दिला तर ७८५ नॅनोमीटरचा लेसर घ्या. त्याने रामनचा संकेतही सुमारे पाचपट घटतो, तेव्हा वेळ वाढवावा लागेल.

येवल्याच्या रेशमाचा एक तंतू

नाशिक जिल्ह्यात राहून रेशमावर हात न फिरवता हा विषय संपवणं बरं दिसत नाही. येवल्याच्या पैठणीतलं रेशीम हा दिशेचा धडाच आहे. किड्याने कोष विणताना डोकं हलवत तंतू खेचला, त्या खेचण्यातच साखळ्या एका दिशेला लागल्या.

विणकराकडून तुकडा मागाल तर रंगवलेला नको, आणि जरतार गुंफलेला तर नकोच. रंगद्रव्याचा फ्लुओरेसन्स सगळं झाकतो. न रंगवलेल्या सुताचा बोटभर तुकडा पुरे. वरचं सेरिसिन, म्हणजे कोषाचा नैसर्गिक डिंक, काढलेलं असेल तर उत्तम. सुताला पीळ असतो, तेव्हा एक तंतू सुईने अलगद सोडवून घ्या. तो साधारण १० मायक्रोमीटर जाड असतो. पुठ्ठ्याच्या चौकटीवर दोन्ही टोकांना डिंकाचा ठिपका लावून तो सरळ बसवा. सरळ म्हणजे ताणलेला नव्हे. ताण दिलात तर मोजमाप तुमच्या बोटांचं होईल.

इथे रेषा निवडताना सावध राहा. अमाइड-एक १६६५ला, पण तिच्या पायथ्याशी १६१५ला टायरोसिन बसलेलं असतं. मी १६४५ ते १६९० एवढीच खिडकी घेतो. प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये तिला १४५०च्या पट्ट्याने भागतो, कारण तो ध्रुवीकरणाला फारसा जुमानत नाही. त्यामुळे फोकस थोडा वर-खाली झाला किंवा लेसर डगमगला तरी दोन्ही रेषा बरोबरीने बदलतात आणि भागाकार टिकतो. मात्र भागाकार घेतला की चार कोनांच्या बेरजेची पडताळणी जराशी सैल होते. म्हणून ती मूळ, न भागलेल्या आकड्यांवरच करा.

तंतू गोल असतो हे विसरू नका. कडेला प्रकाश वळतो आणि तिथे खोटी दिशा दिसते. मधल्या माथ्यावरचा तृतीयांश पट्टाच खरा माना, कडा चित्रातून कापून टाका. आणि तंतू स्वतः जरा वाकलेला असेल तर साध्या प्रकाशातल्या चित्रावरून प्रत्येक ठिकाणी त्याचा अक्ष काढा, रेणूंचा कोन त्या अक्षापासून मोजा. नाहीतर वाकलेल्या तंतूत दिशा फिरतेय असा 'शोध' लागेल. शेवटी शिखराच्या कोनात ९० मिळवा, कारण अमाइड-एक आडवी आहे. हे ९० कुठे मिळवले ते वहीत लिहा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

शिस्तीला आकडा द्यायचा असेल तर

०.४५ हा आकडा एकाच रेषेच्या, एकाच यंत्रावरच्या तुलनेला ठीक. दोन पट्ट्यांतली कुठली जास्त ताणली आहे हे त्याने सांगता येतं. पण दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी तो जुळवायचा असेल तर दिशाक्रमाचा निर्देशांक, पी-टू, काढावा लागतो. सगळ्या साखळ्या अक्षाला समांतर असतील तर पी-टू एक, पूर्ण विस्कटलेल्या असतील तर शून्य, सगळ्या काटकोनात असतील तर उणे अर्धा. त्यासाठी ॲनालायझर परत बसवावा लागतो: लेसर आणि ॲनालायझर दोन्ही लांबीच्या दिशेने, दोन्ही आडवे, आणि एक उभा-एक आडवा, अशी मोजमापं लागतात. त्याशिवाय दिशाहीन नमुन्यावरचं काटकोनी-समांतर प्रमाणही लागतं, आणि तिथे बाटलीचा गळा कामी येतो. याची गणिती मांडणी बोवर यांनी १९७२ मध्ये केली, आजही तीच वापरतात. इन्फ्रारेडने फक्त पी-टू मिळतो. रामनमध्ये प्रकाश आत जाताना आणि बाहेर येताना अशी दोनदा दिशेची चाळण लागत असल्यामुळे पुढचा पी-फोरही मिळतो, आणि विखुरणीचा आकार जास्त नेमका कळतो. ही मोजमापं नमुन्याचा अक्ष लेसरच्या ध्रुवीकरणाशी तंतोतंत लावूनच करा, द्विअपवर्तनाचा घोळ तिथे सर्वांत कमी असतो. संपूर्ण मॅपवर हे करण्याचा हट्ट मी धरत नाही. चार कोनांचा मॅप घेऊन त्यातले पाच-सहा बिंदू निवडायचे आणि पी-टू तेवढ्यांचाच काढायचा.

आता चित्र

कोन रंगाने दाखवताना निळा-ते-लाल पट्टी वापरू नका. १ अंश आणि १७९ अंश या जवळजवळ एकच दिशा आहेत, पण त्या पट्टीत एक गर्द निळा आणि दुसरा गर्द लाल दिसेल, आणि नमुन्यात नसलेली सीमारेषा चित्रात उगवेल. जिथून निघाला तिथेच परत येणारं रंगचक्र घ्या. रंगाची गडदता शिस्तीच्या आकड्यावर ठेवा, म्हणजे दिशाहीन भाग आपोआप फिका पडतो.

गोंगाटातून शिस्तीचा आकडा कधीच नेमका शून्य येत नाही, नेहमी थोडा वरच येतो. तेव्हा बाटलीच्या गळ्यावर तोच चार कोनांचा मॅप तितक्याच वेळेत घ्या आणि तिथे आलेल्या आकड्याखालचे सगळे बिंदू करडे करून टाका. अगदी शेवटी नमुना २० अंश हाताने फिरवून एक छोटा मॅप घ्या. रंग २० अंशांनी सरकले तर चित्र नमुन्याचं. जागेवरच राहिले तर ते यंत्राचं, आणि मग सिलिकॉनचा तुकडा पुन्हा बाहेर काढावा लागेल.